हाताची घडी, तोंडावर बोट

माझ्या वहिनीचा फोन आला की मी तो कानापासून हातभर लांब धरते. तरीही समोरच्या बाकावर बसलेल्या पेशंटला शब्द न् शब्द ऐकू जातो. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, त्यामुळे आमच्या घरात काय चाललंय हे ज्यांची ज्यांची दाढ कधी दुखली त्या सगळ्यांना ठाऊक आहे. भिंगरीच्या फुटबॉलचं प्रकरण तर इतकं गाजलं की एक आजोबा कवळी बसवून झाल्यावरसुद्धा केवळ पुढे काय झालं ते विचारायला येऊन गेले.

भिंगरी म्हणजे माझी भाची, दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी. पण ही गोष्ट तिच्यापेक्षा तिच्या आईची जास्त आहे. आणि ती सांगायची तर आधी लाँड्री सांगावी लागते.

वहिनी मोठ्या लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे ट्रक भरभरून येतात. धुण्याची मशीनं आमच्या स्वयंपाकघराएवढी आहेत. पिळायचं मशीन वेगात आलं की पायाखालची फरशी थरथरते, वाफेचे पाइप मधूनच फुसकारतात, आणि पलीकडे इस्त्रीचा लांबलचक रोलर दिवसभर घरघरत असतो. मी एकदा डबा द्यायला गेले होते. बाहेर आले तेव्हा डोकं इतकं भणभणत होतं की रस्त्यातल्या हॉर्नचे आवाजसुद्धा मंजूळ वाटले. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काढली की माणूस एक तर ओरडायला लागतो नाहीतर मुका होतो. वहिनी दोन्ही झाली. लाँड्रीबाहेर ती ओरडते, आणि लाँड्रीत ती हातांनी बोलते.

तिथल्या सगळ्याच बायका हातांनी बोलतात. त्या खुणा कुणी शिकवलेल्या नाहीत, कामातून होत गेल्या. डोक्यावर मूठ ठेवली की सुपरवायझर येतोय. हवेत बोटाने गोल काढला की चादर पलीकडे फिरव. तळवा बाहेरच्या बाजूला झटकला की डाग आहे, बाजूला टाक. छातीवर पंजा ठेवला की थांब. दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवली की माल पास, भर ट्रॉलीत. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण चादरीच्या घडीची. रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मग एकीने पुढे चालत जाऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. दुसरीची पकड नीट बसली की ती दोन्ही मुठी हनुवटीपर्यंत उचलते आणि मान वर झटकते. म्हणजे, धरलंय, सोड. लवकर सोडली तर चादर जमिनीवर, पुन्हा धुवायला. उशिरा सोडली तर ताण बसून घडी वाकडी. वहिनीच्या हातून चादर कधी खाली पडली नाही, हा तिचा लौकिक. घड्या मात्र तिच्या मधूनमधून वाकड्या बसतात, असं तिची जोडीदारीण म्हणते.

भिंगरी लहान होती तेव्हा तिला ठेवायला घरात कुणी नव्हतं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, तो दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या पोटात लोंबकळत असतो. मी नोकरीवर. मग वहिनी तिला बरोबर न्यायची आणि कॅनव्हासच्या ट्रॉलीत, स्वच्छ टॉवेलांच्या ढिगावर बसवून द्यायची. पोरीला बोलता यायच्या आधी खुणा यायला लागल्या. एकदा आमच्याकडे आली असताना मी तिला दुसऱ्यांदा भात वाढायला गेले, तर तिने छातीवर पंजा ठेवला. मला वाटलं पोटात दुखतंय. मी घाबरून दादाला फोन केला. दादा म्हणाला, थांब म्हणतेय ती.

फुटबॉलही तिथलाच. लाँड्रीच्या मागच्या अंगणात बायकांनी फाटके टॉवेल गुंडाळून, वर दोरी बांधून तिला चेंडू करून दिला होता. तो ती सुकत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून पळवायची, चादरीला न लावता. लावला तर ओरडा ठरलेला, कारण ती चादर परत मशीनमध्ये जायची. पुढे शाळेशेजारच्या क्लबात खरा बॉल मिळाला, आणि पोरीने क्लबातल्या मोठ्या मुलींनाही फिरवून फिरवून रडवलं. तेव्हापासून तिचं नाव भिंगरी.

वहिनी प्रत्येक मॅचला जायची आणि पूर्ण मॅचभर ओरडायची. तेही शिव्याशाप नाही की पंचांशी भांडण नाही. नुसत्या सूचना. पलीकडे दे, थांब, आता मार, बाहेर काढ. तोंडाचा पट्टा शिट्टी वाजल्यावर सुरू व्हायचा तो शिट्टी वाजल्यावरच बंद. समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा कधीकधी दचकून तिचं ऐकायच्या. क्लबचा कोच भला माणूस, त्याने आपलं बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं. क्लब जिंकत होता. कुणाची तक्रार नव्हती.

मग विभागीय विकास कार्यक्रमाची चाचणी आली. आजूबाजूच्या सगळ्या क्लबांतल्या मुलींमधून काही जणी निवडायच्या, सुटीच्या दिवशी त्यांना सपाट हिरव्या मैदानावर शिकवायचं, आणि त्यातल्या पुढे जातील त्यांना पुढे पाठवायचं, असा तो कार्यक्रम. आमच्या क्लबच्या मैदानाला एका अंगाला उतार आहे, बॉल सोडला की आपोआप गटाराकडे जातो. त्यामुळे भिंगरीला त्या सपाट मैदानाचं वेडच लागलं. झोपेतसुद्धा तिचे पाय हलायचे, असं वहिनी सांगायची, आणि तिच्या आवाजात सांगायची म्हणजे सगळ्या जिन्याला सांगायची.

पहिल्या वर्षी तिला घेतलं नाही. चाचणी संपल्यावर तिथल्या कोचबाईंनी दादा-वहिनीला बाजूला बोलावलं. कोचबाई म्हणजे केस बारीक कापलेली, मोजकं बोलणारी बाई. मी मागेच उभी होते.

"तुमची मुलगी बॉल आला की आधी बाहेर बघते," त्या वहिनीला म्हणाल्या. "तुमचा आवाज आला की मग पाय हलवते. तोवर समोरचीने बॉल नेलेला असतो. मला तिचा खेळ दिसलाच नाही हो. तुमचा दिसला."

वहिनी आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता घरी आली. पुढचे कित्येक दिवस तिचा फोन आला की मी सवयीने लांब धरायची, आणि मग काहीच ऐकू येत नाही म्हणून परत कानाला लावायची. कोचबाईंचा मला फार राग आला होता. माझी वहिनी मी हवी तितकी चिडवीन, पण बाहेरच्याने तिला असं बोललेलं मला चालत नाही. पण राग ओसरल्यावर मलाच पटलं की बाई खोटं बोलली नव्हती.

वहिनीने मॅचला जाणं बंद केलं. तिला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. पण झालं उलटंच. भिंगरी बॉल आला की अजूनही बाहेर बघायची, आई उभी राहायची त्या रिकाम्या जागेकडे, आणि मग नुसती गोंधळून जायची. क्लब हरायला लागला. दुसऱ्या चाचणीची तारीख जवळ आली. वयोगटाच्या हिशेबाने ही तिची शेवटची संधी होती, पुढच्या वर्षी त्या गटात तिला घेणारच नव्हते. एका संध्याकाळी भिंगरी आईजवळ येऊन म्हणाली, "आई, तू ये. फक्त बोलू नकोस."

झालं, वहिनीने मौनाचा सराव सुरू केला. रोज संध्याकाळी जेवणापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पहिल्याच दिवशी दूध उतू जाताना ती नुसती बोट दाखवत राहिली, आणि ती पडदे दाखवतेय असं समजून दादा मान वर करकरून ते बघत राहिला. दादाचं बरं चाललं होतं म्हणा. या लग्नात बोलण्याचं खातं पहिल्यापासून वहिनीकडे आहे, त्याला फरक एवढाच पडला की टीव्हीचा आवाज कमी ठेवता आला. मी गेले की ती मला खुणांनीच चहा विचारायची, खुणांनीच साखर किती ते विचारायची. तोंड बंद झालं तसे तिचे हात मोकाट सुटले होते. आम्हाला सगळ्यांना त्याचं हसू यायचं. त्यात काही धोका आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही गेलो. मैदानाच्या कडेने दोरी बांधली होती आणि दोरीच्या टोकाला कोचबाई लिमलेटच्या गोळ्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक आईबापाच्या आणि माझ्याही हातावर एकेक गोळी.

"ही तोंडात ठेवायची आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही," त्यांनी सांगितलं. "ओरडायचं नाही, टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. मुलींना मला त्यांच्या डोक्याने खेळताना बघायचंय. तुमच्या नाही."

म्हणजे नियम सगळ्यांनाच होता. वहिनीचा चेहरा एकदम हलका झाला, ती एकटीच गुन्हेगार नाही म्हणून. आमच्या शेजारी एक गोलकीपरचे वडील होते, मानेच्या शिरा फुगलेला गडी. त्यांनी गोळी अशी तोंडात टाकली जशी काही गुंगीचं औषध आहे. सगळ्या दोरीवर अळीमिळी गुपचिळी. एवढी मोठी माणसं शाळेतल्यासारखी हाताची घडी, तोंडावर बोट करून उभी. मला हसू आवरेना, आणि हसायचीही बंदी होती.

खेळ सुरू झाला. भिंगरी बचावफळीत होती. पहिला बॉल तिच्याकडे आला तो पोरीने अडवला, झटकन पलीकडे पास दिला, आणि सगळं सुरळीत. दुसराही तसाच. मला वाटलं सुटलो बुवा. वहिनी गोळी चघळत गप्प उभी होती, तोंडातून चकार शब्द नाही. पण मग माझ्या लक्षात आलं की बॉल आला की भिंगरी अजूनही बाहेर बघतेय. अगदी पापणी लवेल एवढाच वेळ, पण आमच्याच बाजूला. आणि कोचबाईसुद्धा प्रत्येक वेळी तिच्या नजरेमागून आमच्याकडे बघत होत्या.

मी वहिनीकडे पाहिलं. तोंड बंद. नजर खाली केली तर हात चालू होते. कमरेजवळ, अगदी सहज, रोलरसमोर चालतात तसे. हवेत गोल काढला, आणि भिंगरीने बॉल पलीकडे फिरवला. तळवा बाहेर झटकला, भिंगरीने बॉल मैदानाबाहेर मारला. छातीवर पंजा, भिंगरी थांबली. वहिनीला याचा पत्ताही नव्हता. ती बिचारी मनापासून गप्प होती.

मी दादाला कोपराने ढोसलं. त्याने पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. बोलायची सोय नव्हती. त्याने काही विचार न करता चहाचा थर्मास वहिनीच्या एका हातात दिला आणि स्वतःची छत्री दुसऱ्या हातात कोंबली. वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर त्याचं काही खरं नव्हतं. क्षणभराने तिने दोन्ही वस्तू माझ्या गळ्यात घातल्या आणि हात परत मोकळे. शेवटी मी थर्मास खाली ठेवून सरळ तिचं मनगटच धरलं, आणि डोळ्यांनी तिला तिच्याच हातांकडे बघायला लावलं.

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने आधी हातांकडे पाहिलं, मग भिंगरीकडे, मग लांब उभ्या असलेल्या कोचबाईंकडे. तोंडावरचा रंगच उडाला. तिने दोन्ही हात काखेत खुपसले आणि अशी उभी राहिली जशी काही तिला कुणी दोरीने बांधलंय. चिडवायची सवय असूनही मला त्या वेळी तिची फार दया आली. पुन्हा तेच, आणि या वेळी न बोलता, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

त्याच वेळी बॉल भिंगरीकडे आला. तिने सवयीने आमच्याकडे पाहिलं. आईचे हात दिसेनात. ती थबकली. समोरच्या लाल जाकिटातल्या मुलीने तिच्या पायातून बॉल काढून घेतला, चार ढांगांत पुढे गेली आणि गोल केला. दोरीवर शांतता होती, पण शेजारच्या गोलकीपरच्या वडिलांच्या तोंडात गोळी कडकन फुटली, ती सगळ्यांना ऐकू आली.

भिंगरी तशीच उभी राहिली. बाकीच्या मुली मधल्या रेषेकडे परतल्या, ही मात्र आमच्याकडे बघत राहिली. आई काखेत हात खुपसून, दात आवळून, डोळे भरून उभी, ते तिला दिसलं असणार. वहिनीला ते बघवेना. तिने एक हात बाहेर काढला. काय सांगायला काढला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. धीर द्यायला असेल, माफी मागायला असेल. हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला.

तेव्हा भिंगरीने दोन्ही मुठी आवळल्या, हनुवटीपर्यंत उचलल्या, आणि मान वर झटकली.

मला ती खूण ओळखायला एक क्षण लागला. वहिनीला लागला नाही. तिचा हात खाली आला. नंतर दुसराही काखेतून निघाला आणि अंगालगत लोंबत राहिला, अगदी सैल, कामावरून सुटलेल्या माणसासारखा. तिने इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, गेली गोळी घशात.

शिट्टी झाली, खेळ पुन्हा सुरू झाला. त्यानंतर भिंगरी काही सगळंच बरोबर खेळली असं नाही. एक पास तिने थेट समोरच्या मुलीच्या पायात दिला, आणि एकदा स्वतःच्याच बुटात पाय अडकून पडली. पण पडली तेव्हा उठून बॉलमागे धावली, आमच्याकडे बघितलं नाही. मग एकदा बॉल तिच्याकडे कोपऱ्यात आला आणि दोघी जणी तिच्यावर धावून आल्या. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण अशा वेळी वहिनी काय ओरडली असती ते मला पाठ आहे. बाहेर काढ. भिंगरीने बाहेर काढला नाही. तिने बॉल पायाखाली दाबला, गर्रकन फिरली आणि त्या दोघींच्या मधून तो पुढे घेऊन निघाली, चादरींच्या रांगांतून पळवायची तसा, कुणालाही न लावता. मधल्या रेषेपलीकडे एक सडपातळ मुलगी मोकळी उभी होती. भिंगरीने तिला लांबलचक पास दिला. त्या मुलीने मारलेला बॉल गोलच्या खांबावर आपटून परत आला. गोल झालाच नाही. पण दोरीवरचे सगळे एकदम पुढे झुकले, आणि कोचबाईंनी हाताची घडी सोडली.

शेवटची शिट्टी होईपर्यंत माझ्या गोळीचा कागद माझ्या मुठीत चोळामोळा होऊन गेला होता. मुली मैदानाच्या मधोमध जमल्या. कोचबाई त्यांच्याशी बोलायला लागल्या. आम्ही सगळे दोरीमागे, एकाही शब्दाचा पत्ता नाही. कोणी चवड्यांवर उभं राहून बघत होतं, कोणी चष्मा पुसत होतं. बोलायची बंदी उठली होती, तरी कुणी बोलत नव्हतं. मुलींच्या पाठी आमच्याकडे होत्या, काही जणी उड्या मारत होत्या, काही जणी खाली बघत होत्या, आणि यातली आपली कुठली ते एकालाही ओळखता येत नव्हतं.

घोळक्यातून भिंगरी जरा बाजूला झाली, वळली, आणि तिने दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवली.

माल पास. माझा जीव असा भांड्यात पडला की मी जवळच्या जवळ खाली गवतावर बसले, थर्मासच्या शेजारी. दादाने टोपी काढून तोंडावर धरली. तो रडत होता हे उघड होतं, पण तो लिफ्टवाला माणूस, बंद जागेत काम करायची त्याला सवय आहे. गोलकीपरचे वडील आम्हाला विचारायला लागले की तुम्हाला कसं कळलं, आणि आमच्या मुलीचं काय झालं तेही विचाराल का. वहिनी काहीच बोलली नाही. आता बोलायला परवानगी होती तरी नाही. त्यांच्या मुलीचंही झालं होतं, ते त्यांना मागाहून कळलं आणि त्यांनी साठवलेलं सगळं ओरडणं एका दमात ओरडून घेतलं.

मग कोचबाई आमच्याकडे आल्या. वहिनीने त्यांनी काही म्हणायच्या आतच सांगून टाकलं की तोंड बंद होतं पण हात चालू होते, लाँड्रीतली सवय, मुद्दाम केलं नाही, पण केलं हे खरं, शिक्षा करायची तर मला करा. कोचबाई म्हणाल्या की त्यांना पहिल्या पासपासून दिसत होतं. नेमकं काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी येतंय-जातंय एवढं कळत होतं. गोल झाला तेव्हा त्यांनी या वर्षीही भिंगरीचं नाव मनातून काढून टाकलं होतं.

"मग मुठी वर केल्या तिने," कोचबाई म्हणाल्या. "काय सांगितलं तिने तुम्हाला?"

वहिनीने सांगितलं, चादरीसकट: धरलंय, सोड. कोचबाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"गेल्या वर्षी ती तुमच्याकडे बघून विचारत होती," त्या म्हणाल्या. "आज बघून सांगत होती. मला तेवढंच हवं होतं." आणि त्यांनी डबा पुढे करून वहिनीला आणखी एक गोळी दिली.

परतताना बसमध्ये भिंगरी दादाच्या खांद्यावर झोपून गेली, गुडघ्यांना चिखल, तोंड उघडं. मी आणि वहिनी मागच्या सीटवर. मला वाटलं आता हिचा पट्टा सुटणार, सगळी बस ऐकणार. मी तयारीत होते. पण ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती, आणि चेहरा कसा, तापातून उठलेल्या माणसाचा असतो तसा, धुतलेला. मग माझ्याकडे वळून ती चक्क हळू आवाजात बोलली. रागावली की ती मला वन्सं म्हणते, एरवी अगं-तुगं. त्या दिवशी अगं होतं.

"अगं, तो खांबाला लागलेला बॉल," ती म्हणाली. "काय सुंदर होता ना?"

मी म्हटलं, होता.

"फुटबॉल इतका छान असतो मला माहीतच नव्हतं. मी एवढ्या वर्षांत एकही मॅच पाहिली नाही गं. मी नुसती ड्युटी केली."

एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने दोन्ही हातांनी पुसलं. मी तिला छत्री धरायला देऊ का म्हणून विचारलं. तिने मला चिमटा काढला.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी दवाखान्यात फोन वाजला. मी सवयीने हातभर लांब धरला, आणि वहिनीचा आवाज जसाच्या तसा परत आलेला होता. बाकावर रूट कॅनलवाल्या एक बाई बसल्या होत्या, त्या कान टवकारून सरळ झाल्या. वहिनी सांगत होती की आज सकाळी रोलरमधून पहिली चादर आली, मोठी, हॉटेलची. तिने टोकं धरली, चालत पुढे गेली, जोडीदारणीच्या हातात दिली. जोडीदारणीने मुठी हनुवटीपर्यंत उचलल्या, मान झटकली, रोजच्यासारखी. आणि हिला हुंदकाच आला. लाइन थांबली, सगळ्या बायका बघायला लागल्या, तिकडून कुणीतरी डोक्यावर मूठ ठेवली, सुपरवायझर येत होता.

मी विचारलं, मग?

"मग काय," ती ओरडली. "सोडली. आणि तुला सांगते, घडी अशी सरळ बसली."